एंडोस्कोपी विभागातल्या सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीत तुमच्याकडे रोज कितीतरी माणसं उपाशीपोटी येऊन बसतात, त्यात हर्णैचे माझे बाबा तुम्हाला आठवतील की नाही, कोण जाणे. त्या दिवशी तुम्ही त्यांची पोटाची दुर्बिणीची तपासणी होऊ दिली नाहीत, म्हणून हे आभाराचं पत्र.

बाबांना मध्यरात्री पोटात कळ यायची. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, पित्त. आईने कालवणातलं तिखट काढलं, कोकमाचं सरबत झालं, आणि पित्ताची गोळी रोज सकाळी चालूच. गोळी घेतली की बरं, सोडली की पुन्हा तेच. टेबलावर घेण्याआधी तुम्ही विचारलंत, "काका, शेवटची गोळी कधी घेतली?" बाबा म्हणाले, "काल सकाळी." तुम्ही लगेच डॉक्टरांशी बोललात आणि पुढची तारीख दिलीत.

बाबा चिडले होते. मासेमारीची बंदी 31 जुलैला संपणार, होडी काढायची घाई. तरी तुम्ही शेजारी बसून त्यांना नीट सांगितलंत: या गोळ्यांनी एच. पायलोरी, म्हणजे जठरात राहून अल्सर करणारा जंतू, मरत नाही, नुसता दबतो. मग तपासणीत सापडत नाही, आणि पोटात मात्र राहतो. म्हणून गोळी निदान दोन आठवडे बंद हवी, अँटिबायोटिक घेतलं असेल तर चार. मधल्या काळात शौचाला डांबरासारखी काळी झाली तर तारखेची वाट न बघता निघून या, हेही बजावलंत. कंबरदुखीच्या गोळ्यांचंही तुम्हीच विचारलंत, कारण त्यांनीसुद्धा अल्सर होतो. इतकं कोण विचारतं, सिस्टर?

दुसऱ्या खेपेला लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर दिसला. जठराच्या दोन भागांतून घेतलेले कणाएवढे तुकडे पिवळ्या जेलमध्ये टाकले आणि जेल गुलाबी झालं. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्याच्या आधारानेच आम्लात तग धरतो, आणि त्याच अमोनियाने रंग बदलतो, हे तुम्ही मला ती पट्टी हातात धरून दाखवलंत.

घरी आल्यावर मी वाचलं. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 साली हा जंतू वाढवून दाखवला, 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याआधी जगभरचे डॉक्टरही अल्सरचा दोष काळजीला आणि तिखटाला देत होते. आईला हे सांगितल्यावर तिला फार बरं वाटलं. बाबांचं दुखणं आपल्या हातच्या जेवणाने आलं, असं तिच्या मनात बसलं होतं.

जंतू मारायच्या औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स बाबांनी एकही गोळी न चुकवता पुरा केला. कडू तोंड, मळमळ, सगळं सोसून. नंतर चार आठवडे उलटू देऊन शौचाची अँटिजेन तपासणी, म्हणजे जंतूचेच अंश शोधणारी, केली. रक्ताची स्वस्तात होत होती, पण जंतू मेल्यावरही रक्तातल्या अँटिबॉडी बराच काळ राहतात, हे तुमच्याकडूनच कळलं होतं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाबा रात्रभर झोपतात.

माझ्या आत्यालाही तशीच कळ येते. तिच्या डॉक्टरांना विचारून तिची गोळी आताच थांबवली आहे. पुढच्या महिन्यात तिला तुमच्याकडेच घेऊन येते.

आपली,
हर्णैची एक मुलगी