नाना पेठेतल्या काकांचे मनापासून आभार

बाबांची 2003 सालची करिझ्मा मोटरसायकल आम्ही अजून जपली आहे. मध्यंतरी एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) साफ करताना त्या मिश्रणाचं प्रमाण जुळवणारा मिक्श्चर स्क्रू नको इतका आवळला गेला आणि त्याचं सुईसारखं टोक आतच तुटलं. गाडी आयडलिंगला, म्हणजे रेस न देता उभी असताना, चालू टिकेना. "कार्ब्युरेटरची बॉडी गेली, नवीन घ्या," जो तो हेच सांगे. कुणी ड्रिल मारा म्हणे. तसं केलं असतं तर टोक अडकलेलं ते बारीक भोक कायमचं बिघडलं असतं.

पुण्यात नाना पेठेत पार्ट शोधत फिरत होतो. एका दुकानाबाहेर बसलेले काका माझ्या हातातली कार्ब्युरेटरची पिशवी पाहून म्हणाले, "दाखवा बघू." त्यांनी आधी डायफ्राम (आतला पातळ पडदा) आणि रबरी ओ-रिंग काढून बाजूला ठेवल्या, डब्ल्यूडी-40 हा अडकलेले भाग सैल करणारा स्प्रे मारला, मुरू दिला, बॉडी बाहेरून हलकी गरम केली. मग बटरफ्लाय (आतली गोल झडप) उघडून इंजिनाकडच्या तोंडातून त्या भोकात बारीक तार घातली आणि टोक आलं त्याच वाटेनं मागे ढकललं. घाई नाही, ठोकाठोक नाही. तुकडा तळहातावर पडला तेव्हा माझ्याआधी तेच हसले!

भंगारातल्या कार्ब्युरेटरचा स्क्रू, स्प्रिंग, वॉशर शोधून दिला, वर नवी ओ-रिंग. "स्क्रू टेकला की थांबायचं, मग उलटा सोडायचा," हे माझ्याच हातून करून घेतलं. पैसे घेतले नाहीत. चहासुद्धा त्यांनीच पाजला.

काका, गाडी आता छान चालते. बाबा रोज तिच्यावरूनच दूध आणायला जातात. खूप खूप आभार.