पासबुक भरून आण

पुणे, २ मार्च २०२५

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हो हो' करतोस आणि दुसऱ्या दिवशी विसरतोस. कागदावर आलेलं मात्र तू पंच करून फाइलला लावतोस. सवय जुनी आहे, म्हणून पत्र. शेवटपर्यंत वाच, कारण तुझ्या कामाचं शेवटी आहे.

आम्ही क्रूझला निघालोय हे तुला दिवाळीतच सांगितलं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने हट्टाने बुकिंग करून दिलं. ८ मार्चला मुंबईहून विमान, ९ तारखेला सिंगापूरच्या मरीना बेच्या धक्क्यावरून बोट, मग पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. पैसे भरलेले आणि परत न मिळणारे. मी एक फाइल केली होती. तिकिटं, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांना वेगवेगळी प्लास्टिकची पिशवी. तुझी वहिनी म्हणायची, एवढं तर आपल्या मुलीच्या लग्नातही केलं नव्हतंत.

१० फेब्रुवारी, सोमवार. जेवून जरा आडवा झालो होतो. ट्रॅव्हल कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"काका, तुमचा पासपोर्ट १४ जुलैला संपतोय."

"मग? आपण मार्चमध्ये जाऊन मार्चमध्येच परत येतोय."

"सहा महिने शिल्लक लागतात, काका. तिथे उतरायच्या दिवसापासून."

झोप उडाली. तिला झेरॉक्स डिसेंबरातच पाठवली होती, तेव्हा कुणी बघितली नव्हती, हा भाग वेगळा. पण खरी चूक माझीच. आयुष्यभर ठेवींच्या पावत्या लिहिल्या रे आपण! १४ जुलैची मुदत म्हणजे १४ जुलैपर्यंत पावती जिवंत. पासपोर्टाचं गणित तसं नाही. त्याचे शेवटचे सहा महिने पुष्कळशा देशांच्या लेखी नसल्यातच जमा. परक्या देशात माणूस आजारी पडला, अडकून पडला, तर त्याच्या हातात मुदत संपलेलं पुस्तक नको, म्हणून ही सोय. आणि अडवतं कोण, तर तिथला अधिकारी नंतर. आधी आपल्या मुंबईच्या विमानतळावरचा काउंटरच. तिथून परत पाठवलेला प्रवासी विमान कंपनीला स्वतःच्या खर्चाने आणावा लागतो, मग ती कशाला धोका पत्करेल?

तुझ्या वहिनीचा पासपोर्ट २०२२चा, ठणठणीत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी आणि ताई जाऊ. केबिन दोघांची आहेच." चाळीस वर्षांचा संसार! थोड्या वेळाने दया आली असावी, कारण चहा देताना म्हणाली, "नाहीतर तुम्ही मुंबई-गोवा करा. त्या बोटीला आधार कार्ड चालतं." हे मात्र खरं आहे. देशातल्या देशात पासपोर्ट लागत नाही. आपल्या आधीची पिढी भाऊच्या धक्क्यावरून गाठोडी घेऊन कोकणबोटीत चढायची, त्यांना कुणी सहा महिने विचारले नव्हते.

संध्याकाळी मुलीला फोन लावून संगणकासमोर बसलो. शोधल्याबरोबर सरकारी वाटणाऱ्या चार-पाच वेबसाइट वर आल्या. एकीवर निम्मा फॉर्म भरलासुद्धा. पैसे भरायच्या वेळी मुलगी फोनवरून ओरडली, "बाबा, पत्ता वाचा! शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का?" नव्हतं. दलालांची दुकानं ती. खऱ्या साइटवर नूतनीकरण असा शब्दच नाही, तिथे 'री-इश्यू' म्हणतात, कारण जुनं पुस्तक वाढवून मिळत नाही, नवंच देतात. 'तत्काळ' निवडलं. छत्तीस पानी पुस्तकाचे दीड हजार ऑनलाइन भरायचे, तत्काळचे वरचे दोन हजार केंद्रावर. ज्येष्ठ नागरिकांना दहा टक्के सवलत दिसली म्हणून मी खूश झालो होतो, पण ती पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्याला. मुलगी म्हणाली, "बाबा, दीडशे रुपयांसाठी तुम्ही नियम तीनदा वाचलात आणि सहा महिन्यांचा एकदाही नाही."

वेळ मिळाली शुक्रवार १४ फेब्रुवारी, सकाळी सव्वाअकरा.

आता गंमत ऐक. तत्काळला ठरलेल्या यादीतले तीन पुरावे लागतात. आधार होतं, पॅन होतं. मतदार कार्डावर जुन्या सदाशिव पेठेचा पत्ता, लायसन्सवर तोच, आणि आम्ही वारज्याला येऊन सहा वर्षं झाली. तिसरं काय? फोटोचं बँक पासबुक, वर्षभराच्या नोंदींसकट. मी कपाटातून माझं पासबुक काढलं. शेवटची नोंद ऑगस्ट २०१९.

हस, हस. चौतीस वर्षं त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांना काय सांगत आलो? "आधी पासबुक भरून आणा." आणि माझं स्वतःचं साडेपाच वर्षं कोरं! पेन्शन मोबाइलवर दिसते, मग कोण भरतंय.

मंगळवारी आपल्या जुन्या शाखेत गेलो. आत शिरलो तर ओळखीचं कुणी नाही. भिंतीवर मशीन, मशीनपुढे रांग. मी सवयीने बाजूच्या दारातून आत जायला लागलो, तर एक पोरगी म्हणाली, "काका, टोकन घ्या." घेतलं. अठ्ठावन्न नंबर. माझ्याच जुन्या टेबलासमोरच्या बाकावर पाऊण तास बसलो. त्या बाकाची एक पट्टी मोडकी आहे आणि मांडीला टोचते, हे मला माहीतच नव्हतं. तुला होतं का? मशीनने दोन पासबुकं संपवली, तिसऱ्यात नोंदी मार्गी लागल्या. फोटोवर शिक्का मारून द्या म्हटलं, तर साहेबांनी माझ्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीने बघितलं. फोटो मिशीचा आहे.

शुक्रवारी मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रावर. २०१५ला आपण दोघं तिथेच गेलो होतो, आठवतं? तुला कुठे जायचंही नव्हतं, "एकटा कशाला जातोस" म्हणून सोबत आलास आणि स्वतःचाही काढून बसलास. परतताना मिसळ खाल्ली होती. या वेळी एकटाच. मुलीने बजावलं होतं की पांढरा शर्ट नको, फोटो तिथेच काढतात आणि मागे पांढरा पडदा असतो. मग जावयाच्या बारशाला, म्हणजे जावयाच्या मुलाच्या बारशाला घेतलेला तो गर्द निळा घातला. बघ, अजून हात-पाय गडबडलेलेच आहेत.

आत ए, बी, सी असे तीन टप्पे. एला कागद स्कॅन, फोटो, दहा बोटांचे ठसे, पैसे. बीला मूळ कागद तपासतात. सीला निर्णय. ठसे दुसऱ्या खेपेला आले. मग तिथल्या मुलीने एक कागद पुढे सरकवला. त्यावर चौकट. "यात सही करा, काका, रेघेला लागू देऊ नका. हीच पासपोर्टावर छापली जाते."

बापू, मी दिवसाला दोन-दोनशे सह्या केल्यात. पण गेल्या वर्षापासून उजव्या हाताला किंचित कंप आहे, तुला बोललो नव्हतो. पहिली सही रेघेबाहेर गेली. दुसऱ्या कागदावर आडनावाचं शेपूट असं वळलं की मलाच ओळखू येईना. समोर जुना पासपोर्ट उघडा होता, त्यावर माझी २०१५ची सही, ठसठशीत, खाली दोन टिंबांसकट. मागे रांग. मानेला घाम. मला वाटलं, आता ही म्हणणार, सही जुळत नाही.

आणि मला तासगावचे मास्तर आठवले. ९४-९५ साल असेल. पेन्शनचा पैसा काढायला यायचे, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. हात थरथरायचा. तीन वेळा मी त्यांची स्लिप परत केली. "सही जुळत नाही, मास्तर." तिसऱ्या वेळी तू कॅशच्या पिंजऱ्यातून उठून आलास आणि म्हणालास, "अरे दे की! तुला बाराखडी त्यांनी शिकवली नसेल, पण मला शिकवलीय." मी नियम दाखवला. तू चिडून स्वतःच्या खिशातून त्यांना पन्नास रुपये दिलेस आणि ते त्यांनी घेतले नाहीत. पिशवी उचलून पायऱ्या उतरून गेले. चौथ्या दिवशी मुलाला घेऊन अंगठ्याचा अर्ज करायला आले.

त्या मुलीने तिसरा कागद काढला. म्हणाली, "काका, घाई नाही. हात टेबलावर टेकवा आधी. पाणी पिता का?" टेकवला. झाली सही. टिंबं राहिली. ती म्हणाली, चालतं.

बी आणि सी पटकन झालं. सीच्या अधिकाऱ्याने पत्ता बदलल्याबद्दल विचारलं, पोलीस पडताळणी पासपोर्ट हातात पडल्यावर होईल म्हणाला, आणि जुन्या पासपोर्टावर रद्दचा शिक्का मारून कोपरा कापून परत दिला. त्यात माझा अमेरिकेचा व्हिसा आहे, २०२७पर्यंतचा. घाबरून विचारलं. तो चालू राहतो, फक्त दोन्ही पुस्तकं बरोबर न्यायची. सव्वाअकराला आत गेलेला मी साडेबाराला बाहेर उसाचा रस पीत होतो.

सोमवारी छापल्याचा निरोप आला, मंगळवारी स्पीड पोस्टाने निघाल्याचा. बुधवारी सकाळपासून मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. दहा वाजता तुझी वहिनी म्हणाली, "आज शिवजयंती आहे. पोस्टमन मिरवणुकीत असेल." तरी बाराला उठलो. गुरुवारी आला. पाकीट हिच्या हातात दिलं नाही, ज्याचं त्यालाच, ओळखपत्र बघून. मी बनियनवर धावलो. निळं कोरं पुस्तक, शाईचा वास. ज्या नाशिकरोडच्या नोटा आपण थुंकी लावून मोजल्या, तिथल्याच शेजारच्या छापखान्यात ही पुस्तकं छापतात, नाव-फोटो तेवढा नंतर पासपोर्ट कार्यालयात चढतो. मी शेवटचं पान आधी उघडलं, मग सही बघितली. वाकडी आहे, पण माझीच आहे.

शुक्रवारी सिंगापूरच्या व्हिसाचा चौदा-ए फॉर्म आणि फोटो दिले, महाशिवरात्रीची सुट्टी मध्ये येऊनही गेल्या गुरुवारी व्हिसा आला. बोट सिंगापूरहून निघून परत तिथेच येते, म्हणून दोनदा शिरता येईल असाच लागतो, हे त्या मुलीने आधी सांगितलं, तेवढं तिचं पुण्य. मलेशिया आणि थायलंडला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही. आता त्या त्या देशात उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत सिंगापूर आणि मलेशियाची ऑनलाइन आगमनपत्रं भरायची, त्याचीही प्लास्टिकची पिशवी तयार आहे. मंगळवारी हवालदार येऊन गेले. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, आमचा चहा घेतला नाही.

आता तुझं. तुझा पासपोर्ट त्याच दिवशी निघाला होता. माझा जुना १४ जुलैला संपत होता, तर तुझाही १४ जुलैलाच. तू मे महिन्यात लेकीकडे दुबईला जातोयस आणि दुबईलाही तेच सहा महिने लागतात. तुझ्याकडे अजून दोन महिने आहेत, तत्काळचे दोन हजार घालवू नकोस, साधा अर्ज कर. तुझ्या कोल्हापूरला पोस्टातच केंद्र झालंय. लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, वहिनींच्या पोथ्यांच्या मागे असेल, तू तिथेच ठेवतोस. पत्र खाली ठेव आणि आधी तो काढ.

आणि पासबुक भरून घे.

मास्तरांचा मुलगा तासगावातच असतो का अजून? तुला ठाऊक असेल. कळव.

तुझा,
वसंता

ता.क. ताई बोटीवर येत नाहीये. पण तिने बॅग भरून ठेवली होती, हे मला काल कळलं.