तीन नंबरच्या आईला

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आपल्याला नावानं कुणी ओळखतच नव्हतं. बाळाला ठेवायच्या काचेच्या पेटीवर ‘बेबी ऑफ’ लिहून पुढे आईचं नाव असायचं, पण सिस्टर हाक मारायच्या नंबरानं. "सात नंबरची आई, या आत." मी सात नंबरची. तुम्ही तीन नंबरच्या होतात, मी तिथे पोचले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत.

आपली भेट झाली ती दुधाच्या पेढीच्या खोलीत, जिथे आया दुसऱ्या बाळांसाठीही दूध काढून देतात. माझी लेक पाच दिवसांची होती. एकोणतिसाव्या आठवड्यात माझं बीपी इतकं चढलं की तालुक्याच्या दवाखान्यात घाईघाईनं सिझर करावं लागलं. वजन एक किलो नव्वद ग्रॅम. तिला १०८ च्या गाडीनं पुण्याला हलवलं, मी मात्र मागेच राहिले. निघताना तिथल्या कुणीतरी यांना पावडरच्या दुधाचा डबा घेऊन ठेवायला सांगितलं. दुधाची पेढी असते, तिथे चौकशी करा, असं एका शब्दानं कुणी बोललं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी तो डबा पाहून यांना खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. इतक्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. डब्याच्या दुधानं त्याला सूज येण्याचा, आतड्याचा भाग सडण्याचा धोका वाढतो. एनईसी म्हणतात त्याला, आणि त्यात बाळं दगावतात. आईचं दूध सगळ्यात चांगलं. ते येईपर्यंत दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासलेलं दूध देऊ. यांनी संमतीपत्रावर सही केली.

सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाचं दूध आहे हे?" त्यात काय काय दडलं होतं ते आपण सगळेच ओळखतो. सिस्टर चिडल्या नाहीत. दूध देणाऱ्या प्रत्येक आईचं रक्त तपासतात, एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोग. मग दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवतात, लगेच गार करतात, जंतू उरलेत का ते पाहतात आणि अहवाल चांगला आला तरच उणे वीस अंशांत ठेवलेली बाटली बाहेर काढतात. १९८९ साली मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली अशी पेढी काढली, तेव्हापासून किती बाळं यावर वाढली, हेही सांगितलं. सासूबाईंचं माहेर भोर तालुक्यातलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "संभाजीमहाराजांना आमच्या कापूरहोळच्या धाराऊनं पाजलं. आमचं पोर काय त्यांच्याहून मोठं लागून गेलं? द्या."

एक मिली. पहिलं दूध एवढंच होतं, ताई. चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, दर दोन तासांनी. नळी तोंडातून पोटात, वर दट्ट्या काढलेली सिरिंज, आणि सिस्टर ती हातात धरून उभ्या. दूध ढकलायचं नाही, आपल्या वजनानं खाली उतरू द्यायचं. मी हे तिसऱ्या दिवशी आल्यावर पाहिलं. काचेतून तो पांढरा धागा नळीतून सरकताना दिसायचा. मी टाके धरून उभी राहायचे. ते दूध माझं नव्हतं, आणि ते पचतंय म्हणून मला रडू यायचं, आणि ते माझं नाही म्हणूनही.

कारण मला येतच नव्हतं. वाटीच्या तळाला चिकाचे चार थेंब. सिस्टर ते चार थेंबही सिरिंजमध्ये ओढून तिच्या गालाच्या आत लावायच्या, वाया जाऊ द्यायच्या नाहीत. पण मला वाटायचं, बाळ पेटीत, मी बाहेर, हातात रिकामी वाटी, मी कसली आई?

त्या पाचव्या दिवशी तुम्ही खोलीत भिंतीशी बसला होतात. अंगात ताप, छाती दगडासारखी. सिस्टरांनी मला हळूच सांगितलं होतं की तुमचा मुलगा सव्विसाव्या आठवड्यातला होता आणि सहा दिवस जगला. शरीराला कुणी कळवत नाही. दूध येतच राहतं. सिस्टर तुम्हाला म्हणाल्या, थोडं थोडं कमी करत आटवता येईल, गार पट्ट्या ठेवू, गोळी हवी तर डॉक्टरांना विचारू. किंवा द्यायचं असेल तर देता येईल. कुठलंही ओझं मानू नका. तुम्ही विचारलंत, "लहान बाळांनाच देता ना?" त्या हो म्हणाल्या. तुम्ही हात धुतलेत, कोपरापर्यंत, सावकाश.

मी समोरच्या स्टुलावर दाबून दाबून हैराण झाले होते. कातडी लाल झाली होती. तुम्ही नुसतं माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "ओढू नको गं. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या मागं. आधी छातीकडं रेट, मग दाब, मग सोड. घासायचं नाही." मला जमेना तेव्हा तुम्ही तुमची वाटी खाली ठेवलीत, उठलात आणि माझा अंगठा धरून जागेवर ठेवलात. तुमचा हात तापानं गरम होता. दाब, सोड. दाब, सोड. आठ-दहा वेळा काहीच नाही. मग एक थेंब, मग एक बारीक धार वाटीच्या कडेवर आदळली, तिचा आवाज आला. "येईल तुझं," म्हणालात. "रात्री पण काढ. रात्रीचं चुकवू नको."

मी रात्रीचं चुकवलं नाही. दर तीन तासांनी, अडीचलासुद्धा. सहाव्या दिवशी पाच मिली. आठव्या दिवशी पहिल्यांदा तिला कांगारूसारखं छातीवर उघडं ठेवलं, आणि तिथेच गाऊन भिजला. बाराव्या दिवशी तिचं दिवसरात्रीचं सगळं दूध माझं होतं. घरी असतो तर त्या दिवशी बारसं झालं असतं.

दहाव्या दिवशी तुम्ही घरी गेलात. तोवर रोज येऊन बसत होतात, वाटी भरत होतात, लेबलवर सिस्टर तारीख-वेळ लिहायच्या. तुमचं दूध माझ्या लेकीला मिळालं का, हे कळायला मार्ग नाही. पेढीत तीन-चार आयांचं दूध एकत्र करतात, बाटलीवर फक्त नंबर. मी हिशोब करून पाहिलाय. तुमच्या रक्ताचा अहवाल, मग तापवणं, मग जंतू उरलेत का ते पाहायच्या तपासणीचे दोन दिवस. मिळालं असेलच तर तिला पेढीचं दूध चालू होतं त्या शेवटच्या दोन दिवसांत. सिस्टर म्हणाल्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्त असतात, म्हणून तसं दूध त्या तसल्याच बाळांसाठी वेगळं ठेवतात. म्हणजे जे बाळ तुमच्या मुलाएवढं असेल, त्यालाच ते गेलं असणार.

पुढे मला पुरून उरायला लागलं तेव्हा मीही दोन महिने दिलं. नव्यानं आलेल्या दोघींना अंगठा कुठे ठेवायचा ते दाखवलं, तुमच्याच शब्दांत. कुणी विचारतं, पैसे मिळतात का? नाही मिळत, आणि मिळू नयेत. २०२४ साली एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, आईच्या दुधाच्या विक्रीविरुद्ध स्पष्ट सूचना काढली, ते वाचून मला बरं वाटलं. ज्या बाईच्या घरी आधीच ओढाताण, तिनं स्वतःच्या लेकराच्या तोंडचं विकायची वेळ येऊ नये.

आमची मुलगी आता चौदा महिन्यांची आहे. नळीनंतर बोंडलं, बोंडल्यानंतर अंगावर, आता मऊ भात आणि वरण. भिंत धरून चालते. नाव ठेवलं तेव्हा सासूबाईंनी पाळण्याशी दिवे दोन लावले. दुसरा कुणाचा हे त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही.

ताई, हे पत्र तुमच्यापर्यंत कदाचित पोचणार नाही. तुमच्या बोलण्यावरून तुम्ही नगरकडच्या असाव्यात, एवढंच मला माहीत. त्या खोलीत मी सहा दिवस तुमच्यासमोर बसले. तुमच्या हातून शिकले, आणि माझ्या बाळाबद्दल तुम्ही रोज विचारलंत, दूध पचतंय का, वजन किती झालं. तुमच्या मुलाचं नाव काय ठेवणार होतात, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तुमची,
सात नंबरची आई