छतावरची वीज आणि गाडीचे चार्जिंग यांचा मेळ घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून सांगलीत अनेक घरांवर सौर पॅनेल दिसू लागले आहेत आणि त्यांतल्या काही घरांच्या दारात इलेक्ट्रिक मोटारीही उभ्या राहू लागल्या आहेत. मात्र सौर संच एक जण बसवतो, चार्जर दुसरा, आणि या दोन्हींचा मेळ घालण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

३ किलोवॅटचा संच भर दुपारी साधारण सव्वादोन ते अडीच किलोवॅट वीज देतो. त्यातून फ्रिज, पंखे यांचे तीन-चारशे वॅट वजा केले, तर गाडीसाठी दोन किलोवॅटच्या आसपास वीज उरते. १५ अँपिअरचा साधा चार्जर मात्र सव्वातीन किलोवॅट ओढतो, म्हणजे डोक्यावर रणरणते ऊन असतानाही सव्वा किलोवॅट वीज बाहेरून घ्यावी लागते. तोच प्रवाह ८ अँपिअरवर आणला, तर गाडीला सुमारे १८०० वॅट पुरतात आणि चार तासांत सात युनिटे भरतात. सांगलीहून मिरजेला रोज जा-ये करणाऱ्याला ती पुरून उरतात.

हे काम हाताने करत बसण्याची गरज नाही. टाइप-२ प्रकारच्या प्लगचा मोटारीचा चार्जर केबलमधील संकेताच्या तारेवरून किती अँपिअर घ्यायचे ते गाडीला कळवत असतो आणि गाडी ती मर्यादा पाळते. घराच्या मुख्य तारेवर सीटी, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारी कडी, बसवून बाहेर जाणारी वीज मोजली आणि ते मोजमाप चार्जरला दिले, की उन्हाप्रमाणे प्रवाह आपोआप कमी-जास्त होतो. अडचण एवढीच, की ६ अँपिअरच्या, म्हणजे सुमारे १४०० वॅटच्या, खाली चार्जिंग चालत नाही. त्यामुळे ढग आला की चार्जर लगेच बंद न करता काही मिनिटे थांबण्याची सोय त्यात हवी, नाहीतर आतला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, सारखा उघडझाप करून लवकर खराब होतो.

नेट मीटरिंगमुळे बाहेर दिलेल्या युनिटांची बिलातून वजावट होतेच, मग हा खटाटोप कशाला, असे अनेक जण विचारतात. बिलावरचा हिशेब जुळतो हे खरे, पण तारांवरचा जुळत नाही. एकाच डीपीवरच्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) अनेक छतांची वीज दुपारी एकदम बाहेर पडली, की व्होल्टेज चढते आणि सौर संचांचे इन्व्हर्टर बंद पडतात. त्याच गाड्या संध्याकाळी एकदम चार्जिंगला लागल्या, तर कोयनेसारख्या, मुळात संध्याकाळच्या मागणीसाठी राखलेल्या जलविद्युत केंद्रांवरचा भार वाढतो. कोयनेचे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपुरते मर्यादित आहे आणि त्याच धरणातून कृष्णेत सोडलेल्या पाण्यावर आपल्या जिल्ह्यातील ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजना अवलंबून आहेत.

नोकरदारांची गाडी दुपारी घरी नसते, हे मान्य. पण निवृत्त मंडळी, घरीच दवाखाना असणारे डॉक्टर आणि रविवारची सुट्टी असणारे सगळेच यात येतात.

म्हणून महावितरणने छतावरील सौर संचाला मंजुरी देतानाच ग्राहकाकडे गाडी आहे का, हे विचारावे आणि प्रवाह बदलता येणाऱ्या चार्जरची माहिती द्यावी. विक्रेत्यांनीही चार्जर किती अँपिअरपासून किती अँपिअरपर्यंत चालतो आणि त्याला सीटी जोडता येतो का, हे खोक्यावर मराठीत ठळक छापावे.

आपला विश्वासू,
एक वीजग्राहक, विश्रामबाग, सांगली