आरोपी सापडेपर्यंत तिने काय करायचं?

मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे पुण्यातल्या स्वारगेट स्थानकावर उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाल्याची तक्रार एका तरुणीने दिली. तीन दिवस राज्याचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, आरोपी कुठे आहे? ड्रोन उडाले, श्वानपथक गेलं आणि शिरूर तालुक्यातून संशयिताला अटक झाली. ती ओरडली का नाही, हेही याच दिवसांत चारचौघांत विचारलं गेलं. भीतीने शरीर लाकडासारखं ताठ होतं, आवाज फुटत नाही, हे पीडितांसोबत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आपल्या खात्याने हे तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं.

मी समुपदेशक आहे. हे पत्र ज्यांचा आरोपी सापडतच नाही, त्या बायका-मुलींसाठी लिहिते आहे. बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात. त्यामुळे अनोळखी माणसाने केलेला हल्ला संख्येने कमी दिसतो. पण ज्याला नाव नाही असा माणूस तिला सगळीकडे दिसतो. रिक्षावाल्याच्या आरशात, हेल्मेट घातलेल्या प्रत्येकात. नोकरी सुटते ती बहुधा कामामुळे नव्हे, कामावर जायच्या रस्त्यामुळे.

पहिल्या रात्रीपासून पाहा. वैद्यकीय तपासणी झाली की तिचे कपडे पुरावा म्हणून सीलबंद होतात. ते योग्यच आहे. पण मग तिने घालायचं काय? एका मुलीला वॉर्डातल्या आयांनी स्वतःचा गाऊन दिलेला मी पाहिला आहे. तिचा फोनही तपासासाठी जमा झाला होता आणि पुढचा सगळा पाठपुरावा त्याच नंबरवर होणार होता. प्रत्येक सरकारी रुग्णालयात कपड्यांचा एक जोड, चपला आणि साधा फोन ठेवायला असा किती खर्च येतो?

एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस न चुकता घ्याव्या लागतात. हल्लेखोर अनोळखी असेल तर त्याची तपासणी होऊ शकत नाही, म्हणून या गोळ्यांना फारच महत्त्व. त्यांनी मळमळतं, थकवा येतो. घरात सासूला काही सांगितलेलं नसतं, तेव्हा डबी कुठे लपवायची इथूनच प्रश्न सुरू होतो. दहाव्या दिवशी तिने गोळ्या बंद केल्या तर ते कळणारं कोण आहे? रुग्णालय म्हणतं, ती आलीच नाही. पोलिस म्हणतात, ते आमचं काम नाही. सखी केंद्रातली, म्हणजे पीडित बायकांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्रातली बाई एकटी असते आणि तिच्यापुढे फायलींचा ढीग.

पुढे महिने जातात. संशयित सापडला तर ओळख परेडसाठी तिला तुरुंगात बोलावतात आणि रांगेतल्या पुरुषांकडे एकेक करून बघायला लावतात. तिथवर तिला सोबत कोणाची? आणि तो सापडलाच नाही तर एक दिवस ‘ए समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. पोलिसांच्या लेखी काम संपतं. तिला हे बहुतेक वेळा स्वतः चौकशी केल्यावरच कळतं.

मंत्री महोदया, कायदा इथे तिच्या बाजूने आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 नुसार आरोपीचा शोध लागला नाही, खटला उभा राहिला नाही, तरी पीडितेला विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो आणि त्याची चौकशी दोन महिन्यांत संपवायची असते. कलम 397 प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर ताबडतोब आणि मोफत उपचार करायचे आहेत. अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणारी आपल्या राज्याची मनोधैर्य योजना 2013 पासून आहे, 2017 मध्ये ती सुधारली आणि मदतीची मर्यादा 10 लाखांपर्यंत नेली. तरीही ‘आधी आरोपी सापडू द्या, मग बघू’ हे वाक्य मी चौकीत ऐकलं आहे, कार्यालयातही ऐकलं आहे. ते बोलणाऱ्याला कलम 396 ठाऊक नसतं आणि तिला तर नसतंच.

म्हणून मागणी करते. गुन्हा नोंदवतानाच भरपाईचा अर्ज पोलिसांनी भरून घ्यावा आणि पोच तिच्या हातात द्यावी. पहिल्या रात्रीपासून किमान वर्षभर एकच प्रशिक्षित बाई तिच्यासोबत असावी. गोळ्यांची, पुढच्या रक्ततपासण्यांची, ओळख परेडची, समरीची जबाबदारी त्या बाईची. या बाईला नियमित पगार आणि प्रवासभत्ता असावा. मानधनावर, वर्षाच्या करारावर नेमलेली बाई अर्ध्या वाटेत निघून जाते आणि पीडितेला पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. ते मी कोणावर लादू इच्छित नाही. ‘ए समरी’ झाल्यावरही समुपदेशन बंद होता कामा नये.

आणि एक माहिती आपल्याकडून हवी आहे. ज्या गुन्ह्यांत आरोपी अज्ञात आहे, त्यांपैकी किती जणींना गेल्या पाच वर्षांत मनोधैर्यची मदत मिळाली, किती दिवसांनी मिळाली? जिल्हावार आकडे येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावेत.

आपली,
एक समुपदेशक