फाईल कुठं अडली, ते त्या आईबापांना सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान लेकराचा जीव घेतल्याची बातमी आली की मोर्चा निघतो आणि 'खटला फास्ट ट्रॅकवर चालवा' अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण खटला संपल्यावर पुढं काय होतं, हे आम्ही कोल्हापूरकरांनी पाव शतक पाहिलंय, म्हणून हे पत्र.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका आणि सीमा. 1990 ते 1996 या काळात 13 मुलं पळवल्याचा आणि त्यांतल्या 9 जणांचा जीव घेतल्याचा आरोप त्यांच्यावर होता. गर्दीत पाकिटं, दागिने मारायचे आणि सापडलं तर कडेवरचं पोर पुढं करायचं. ते पोर रडायला लागलं, नकोसं झालं की संपवायचं. यापुढचे तपशील मी लिहिणार नाही. ते इतके चघळले गेलेत की त्या बायकांची नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि पोरं कुणाची होती, हे कुणालाच सांगता येत नाही. पहिलं पोर कोल्हापुरात भीक मागणाऱ्या एका बाईचं होतं. तिनं कुणाच्या दारात जायचं होतं?

1996 च्या अखेरीस हे उघडकीला आलं, तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. एसटी स्टँडवर मी तिचं मनगट इतकं घट्ट धरायचो की ती 'बाबा, दुखतंय' म्हणायची. पोराच्या करदोड्याला पदराचं टोक बांधून गाडीची वाट बघत बसलेल्या बायका मी त्या दिवसांत पाहिल्यात.

त्याच सुमारास आमच्या कचेरीत एक भाजीवाली आली होती. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बाजारातून नाहीसा झाला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला त्याचा फोटो तिनं माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, त्या पोरांत आमचं हाय का, कुणाला इचारायचं?" मूल हरवलं तेव्हा 'गेला असंल पाव्हण्यांकडं, येईल' असं सांगून तिला परत पाठवलं होतं. हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवायचाच, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं दिला तो 2013 च्या मे महिन्यात. मी तिला अर्ज लिहून दिला, तिचा अंगठा घेतला.

खटल्याचं म्हणाल तर न्यायालयांनी वेळ लावला असं मी म्हणणार नाही. अंजनाबाई 1997 मध्ये कोठडीतच मेली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं 2001 मध्ये फाशी सुनावली, 2004 मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि 31 ऑगस्ट 2006 ला सर्वोच्च न्यायालयानंही. पहिल्या न्यायालयाच्या निकालापासून तिसऱ्याच्या निकालापर्यंत पाच-सव्वापाच वर्षं गेली. त्यानंतर दयेचे अर्ज झाले आणि राष्ट्रपतींनी ते फेटाळेपर्यंत 2014 चा पावसाळा उजाडला. शेवटी 18 जानेवारी 2022 ला मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. कारण एकच, विलंब. न्यायालयानं त्याचा हिशेब मांडला तो 7 वर्षं 10 महिने 15 दिवसांचा, आणि ई-मेलच्या काळात नुसत्या फायली फिरायला एवढी वर्षं लागावीत याबद्दल सरकारी यंत्रणेला खडे बोल सुनावले. त्या निष्पाप मुलांच्या बाबतीतही शासन कमी पडलं, हेसुद्धा निकालात आहे.

मी 31 वर्षं महसूल खात्यात कारकुनी केली. फाईल आपण होऊन कधीच थांबत नाही. टेबलाच्या डाव्या हाताच्या गठ्ठ्यात ती कुणीतरी खाली सारतो. 'अभिप्रायार्थ सादर', 'चर्चा करावी', 'मूळ कागद जोडून फेरसादर करावे' हे शेरे मी स्वतः लिहिलेत, त्यामुळे त्यांत महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. पण प्रत्येक शेऱ्याखाली सही असते, तारीख असते. कोणत्या टेबलावर किती दिवस गेले, हे शोधायला चौकशी आयोग लागत नाही. आवक-जावक नोंदवही उघडायला एक दुपार पुरते.

फाशी व्हायला हवी होती की नको, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. उच्च न्यायालयालाही मी दोष देत नाही. अकारण विलंब झाला तर फाशी कमी करता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2014 मध्येच सांगितलं होतं. पुण्यात 2007 साली बीपीओतल्या तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्या खटल्यातही विलंबामुळंच फाशी गेली. 9 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्यानं स्वतंत्र कक्ष उघडावा, असं बजावलं. कोपर्डीत 2016 साली शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, तो खटला तर सोळा महिन्यांत निकाली निघाला होता, फाशीही सुनावली होती. तिथला मुख्य आरोपी सप्टेंबर 2023 मध्ये येरवड्यात गळफास घेऊन मेला, तोवर उच्च न्यायालयात फाशी कायम होण्याचं काम बाकीच होतं.

आता नवा कायदा पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 प्रमाणे दयेच्या अर्जावर केंद्रानं 60 दिवसांत राष्ट्रपतींकडं शिफारस करायची आहे. वाचून बरं वाटलं. पण हे 60 दिवस मोजायचे ते राज्याचा अभिप्राय पोचल्यापासून. राज्यानं अभिप्राय किती दिवसांत द्यायचा, ते कलम सांगत नाही. गाडी रुतते तिथंच रस्ता कच्चा ठेवलाय. राष्ट्रपतींचा निर्णय 48 तासांत गृह विभागाला आणि तुरुंग अधीक्षकांना कळवायचा, असंही त्यात आहे. मारल्या गेलेल्या मुलाच्या आईबापांना कळवायचा, असं नाही. गेलं त्यांचं, आणि पत्ता फक्त त्यांचाच नाही.

म्हणून गृह विभागाला माझी विनंती आहे. राज्याच्या अभिप्रायाला दिवसांची मुदत घाला. अर्ज आला, पुढं गेला, निकाल लागला, प्रत्येक वेळी त्या घरी साध्या मराठीत पत्र पाठवा. आणि 2006 ते 2014 या काळात ती फाईल कोणकोणत्या टेबलांवर किती दिवस होती, त्याचा तक्ता जाहीर करा. त्या मुलांचे आईबाप आता साठी-सत्तरीत असतील. त्यांच्या हयातीत करा.

त्या भाजीवालीचा अर्ज मी वरिष्ठांकडं पाठवला होता. पुढं चार-पाच महिने दर सोमवारी ती येऊन दारातूनच विचारायची, "आलं का काय, भाऊ?" नंतर यायची थांबली. माझी बदली झाली तोवर काही आलं नव्हतं.

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, कोल्हापूर