फुरसुंगीच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचे आभार तर मानायचेच आहेत. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मधूनच येणारा आणि मधूनच गायब होणारा बिघाड ज्यांच्या मागे लागलाय, त्यांनाही तुम्ही तो कसा शोधलात ते कळायला हवं.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबवेना, म्हणून आम्ही सहा गिअरची ऑटोमॅटिक पिकअप घेतली. उरुळी कांचनच्या नर्सरीतून सीताफळाची, अंजिराची रोपं भरून पुरंदरकडे निघायचं आणि दिवे घाटात ऐन चढाला गाडी धक्का देऊन एकाच गिअरमध्ये अडकायची. मीटरवर दिवा लागायचा, वेग मरायचा, मागून ट्रकवाले हॉर्न मारत बसायचे. कशीबशी वर नेऊन बंद करून पुन्हा चालू केली, की गाडी अगदी व्यवस्थित. गॅरेजमध्ये नेली तर काही केल्या बिघाड दिसायचा नाही. एका वर्कशॉपने आधी गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून दिले, मग आउटपुट स्पीड सेन्सर, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारा भाग, बदलला. तरीही होतंय म्हटल्यावर अख्खा गिअरबॉक्स बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं. तो आकडा बघून त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

तुम्ही मात्र पहिल्याच भेटीत म्हणालात, "बिघाड माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी गिअरबॉक्सला पाना लावणार नाही." आणि मला एक वही करायला लावलीत. गाडी अडकली की लिहायचं: माल किती होता, चढ होता की सपाट, एसी चालू होता का, पाऊस होता का, आधी धक्का बसला की आधी दिवा लागला. मला तेव्हा वाटलं, यातून काय निघणार? पण त्या वहीनेच निम्मं काम केलं. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी कितीही तापली तरी ती कधी अडकली नव्हती. रिकामी गाडी घाट चढली तरीही नाही. भरलेली गाडी आणि चढ हे दोन्ही जुळून आले, तरच व्हायचं. तुम्ही समजावलंत की तापल्यावर बिघडत असती तर आधी सोलेनॉइड (गिअरबॉक्समधलं ऑईल वळवणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) आणि ऑईलवर संशय घ्यायचा; इथे ताण पडल्यावर बिघडतेय, म्हणजे काहीतरी ओढलं जातंय.

तरी मूळ गोष्टी तुम्ही सोडल्या नाहीत. बॅटरी, अल्टरनेटरचं चार्जिंग, अर्थिंगच्या वायरा, सगळं मल्टिमीटरने तपासलंत. एटीएफची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑईलची, पातळी इंजिन चालू ठेवून, ऑईल ठरलेल्या तापमानाला आल्यावरच बघितलीत. ऑईल लाल होतं, जळका वास नव्हता, धातूचा चुरा नव्हता. गिअरबॉक्स आतून ठीक असावा, हा पहिला दिलासा तिथे मिळाला.

मग भरलेली गाडी घेऊन आपण घाटात गेलो. स्कॅनर तुमच्या मांडीवर, लाईव्ह डेटा चालू. वडकी मागे पडली, चढ लागला आणि धक्का बसला. तुम्ही स्क्रीन माझ्याकडे वळवलीत ती गाडी कडेला घेतल्यावरच. आउटपुट शाफ्टचा वेग क्षणभर थेट शून्यावर आला होता, आणि त्याच क्षणी ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून येणारा चारही चाकांचा वेग जसाच्या तसा होता. चाकं फिरतायत आणि शाफ्ट उभा, असं होऊच शकत नाही. आतला क्लच घसरला असता तर इंजिन नुसतंच रेझ झालं असतं, शाफ्टचा आकडा शून्यावर पडला नसता. म्हणजे शाफ्ट फिरत होता, त्याची खबर तेवढी कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नव्हती. कॉम्प्युटरने गिअरबॉक्स वाचवायला लिम्प मोड लावला, म्हणजे गाडी एकाच गिअरमध्ये धरून ठेवली, आणि आउटपुट स्पीड सेन्सरच्या सर्किटचा कोड नोंदवला, पी ०७२०. नवा सेन्सर टाकूनही तोच कोड! सेन्सरचा दोष नव्हताच.

शेडमध्ये परतल्यावरचं तर मी विसरणार नाही. चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, मला ब्रेक घट्ट दाबून डी मध्ये टाकायला आणि ॲक्सिलेटरला अगदी हलका पाय लावायला सांगितलंत. तुम्ही बाजूला उभे राहून टॉर्च मारत होतात. गिअरबॉक्स जागेवरून उचलला गेला. त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. जोर आला की गिअरबॉक्स वर उठायचा आणि सेन्सरची वायर क्लिपपाशी ताणली जायची. बाहेरून वायर धडधाकट दिसत होती. तुम्ही ती दोन बोटांत धरून हळूच ओढलीत, तर एका जागी नुसतं प्लॅस्टिक लांबलं. आत तांबं तुटलेलं होतं. सैल सोडली की टोकं टेकायची आणि मल्टिमीटर बीप द्यायचा, ओढली की गप्प. उभ्या गाडीत कोणालाच काही का सापडलं नाही, ते तेव्हा कळलं.

नाना पेठेतून माउंटिंग आणलं, वायरला नवा तुकडा जोडून स्लीव्ह घातलीत आणि या वेळी ती थोडी ढील देऊन बांधलीत. बिलात तुम्ही "तपासणी" असं वेगळं लिहून त्याचे पैसे लावलेत, ते मला फार आवडलं. आपल्याकडे पार्टचे पैसे लोक मुकाट्याने देतात आणि शोधण्याचे द्यायला कुरकुरतात. खरं तर माझा गिअरबॉक्स वाचला तो त्या शोधण्यामुळेच.

त्यानंतर भरलेली गाडी कितीतरी वेळा सासवडला जाऊन आली. एकदाही अडकलेली नाही.

माझा भाचा औंध आयटीआयला मोटर मेकॅनिकचं शिकतोय. दिवाळीनंतर एटीएफ बदलायला गाडी आणेन, तेव्हा त्याला सोबत घेऊन येते. सुट्टीत तुमच्या हाताखाली ठेवता आला तर बघा. काकूंनी सांगितलेली मोगऱ्याची दोन रोपंही आणतेय.

तुमची,
उरुळीची नर्सरीवाली